इम्प्लांट निघतं दहा मिनिटांत, पण मागे उरलेल्या पोकळीचं काय?

प्रश्न गोव्यातल्या पेडण्याच्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याने किनाऱ्यावरच्या एका स्टुडिओत डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर अंगठ्याच्या बाजूला, कातडीखाली सिलिकॉनची चांदणी बसवून घेतली. त्याच हौसेत गळ्याच्या हाडाखाली दोन मायक्रोडर्मल, म्हणजे कातडीत रोवलेले खडे. आता बोटीवर नोकरी लागते आहे, घरात लग्नाची बोलणी चालली आहेत, आणि चांदणीच्या एका टोकावरची कातडी पातळ होऊन तांबूस दिसू लागली आहे. बसवणारा म्हणतो, 'ये, दहा मिनिटांत काढून देतो.' तर त्याच्याकडेच जाऊ का, जखम किती दिवसांत भरेल, खूण राहील का आणि समुद्रात परत कधी उतरता येईल, असं त्याने विचारलं आहे.

दहा मिनिटांत निघतं हे खरं आहे. घट्ट सिलिकॉनचा तुकडा काढणं हे प्लास्टिक सर्जनच्या कामांतलं अवघड काम नव्हे. डोकेदुखी असते ती तुकडा निघाल्यावर मागे राहणाऱ्या रिकाम्या जागेची. तिच्यात पाणी साचतं, रक्त साचतं, जंतू मुक्काम ठोकतात. दहा मिनिटांत काढून देणारा माणूस पुढच्या सहा आठवड्यांत त्या जागेकडे बघायला नसतो. किनारपट्टीवर तर ऑक्टोबरात उघडलेलं दुकान मे महिन्यात बंद होतं आणि मालक मनालीला पोचलेला असतो.

पण आधी त्या तांबूस टोकाचं बोलू, कारण ते थांबणारं नाही. गोल किंवा घुमटासारखा तुकडा असेल तर त्याचा दाब कातडीवर सगळीकडे सारखा पडतो. चांदणीला पाच टोकं, आणि सगळा ताण त्या टोकांवर. हात रात्री अंगाखाली येतो, दुचाकीच्या हँडलवर दिवसभर कातडी ताणते, आणि टोकावरचा रक्तपुरवठा हळूहळू कमी होत जातो. त्या जागची कातडी चिमटीत धरून बघा. सुरकुती पडत असेल, कातडी खालच्या तुकड्यावरून सरकत असेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. कातडी चिमटीत येतच नाही, चकाकते, निळसर-जांभळी दिसते किंवा आतला पांढुरका रंग जाणवतो, तर याच आठवड्यात काढून घ्या. टोक एकदा बाहेर आलं की स्वच्छ शस्त्रक्रिया संपली आणि संसर्ग झालेल्या जखमेचं काम सुरू झालं. त्या दोन कामांत वेळेचा, खर्चाचा आणि व्रणाचा फार मोठा फरक पडतो.

आत काय झालेलं असतं ते कळलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. शरीराला परकी वस्तू पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, तेव्हा ते तिच्याभोवती तंतुमय आवरण विणतं. काही आठवड्यांत ही पिशवी तयार होते आणि पुढे घट्ट होत जाते. सिलिकॉन गुळगुळीत, म्हणून त्याची पिशवीही आतून गुळगुळीत आणि तुकडा तिच्यात मोकळा. अमेरिकेत स्टीव्ह हॅवर्थने १९९० च्या दशकात अशी त्रिमितीय इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. त्या पिढीत टेफ्लॉनही बरंच वापरलं गेलं. सच्छिद्र टेफ्लॉन असेल तर मांस त्याच्या छिद्रांत शिरून बसतं आणि तुकडा अक्षरशः कापून सोडवावा लागतो. म्हणून काय बसवलंय ते मी पहिल्यांदा विचारतो. माहीत नसेल तर सोनोग्राफी करतो, धातूचा संशय असेल तर एक्स-रे. 'सिलिकॉन' म्हणून कोणी पातळ द्रव इंजेक्शनने भरला असेल तर पुढचं तुम्हाला लागू नाही. तो पदार्थ मांसात पसरतो आणि पूर्ण कधीच काढता येत नाही.

तुमचा तुकडा काढताना घडतं ते असं. आदल्या दिवसापासून काही वेगळं करायचं नाही, पण ऍस्पिरिन घेत असाल तर आधी सांगा. हृदयासाठी दिलेली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. टेबलावर हात आडवा ठेवून पेनने चांदणीची कड आखतो. उभं राहिल्यावर आणि झोपल्यावर तुकडा जागा बदलतो, त्यामुळे हे आखणं आधी. मग भुलेच्या औषधाचं, लिग्नोकेनचं इंजेक्शन. त्यात ऍड्रिनलीन मिसळलेलं असलं की रक्त कमी येतं, मात्र दहाएक मिनिटं थांबावं लागतं आणि कातडी पांढरी पडलेली दिसते. छेद शक्यतो जुन्या व्रणातूनच घेतो म्हणजे नवी खूण वाढत नाही. तो तुकड्याच्या रुंदीपेक्षा लहान चालतो, कारण सिलिकॉन दुमडतं. कातडी आणि चरबी बाजूला केल्यावर मोत्यासारखी चमक असलेला पांढरा पडदा दिसतो, तीच पिशवी. तिच्यावर टोकाने एक चीर दिली की दोन थेंब पिवळसर पाणी येतं आणि बोटाने दुसऱ्या बाजूने दाबलं की फणसाच्या गऱ्यातून आठळी निसटावी तशी चांदणी बाहेर येते. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी जपायच्या. एक, अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे जाणारी संवेदनेची नस तिथे अगदी वरवर असते. दुसरी म्हणजे ते पातळ झालेलं टोक. तिथली कातडी मेलेलीच असेल तर ती काढून कडा नव्याने जोडाव्या लागतात.

पिशवीचं काय करायचं यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. काही जण सरसकट सगळी सोलून काढतात. माझं मत तसं नाही. पिशवी पातळ आणि स्वच्छ असेल तर ती काढण्यात उगाच रक्तस्राव होतो, नसेला धोका वाढतो. मी तिला आतून खरवडतो, एकदोन ठिकाणी चिरा देतो म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात. उरलेलं आवरण शरीर बहुधा काही महिन्यांत जिरवतं. जाड, कडक, चुना धरलेली किंवा पू झालेली पिशवी मात्र ठेवत नाही.

आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. टाके घातले, वर छोटी पट्टी लावली, घरी गेले. पोकळीच्या गुळगुळीत भिंती एकमेकींवर घसरत राहतात, चिकटत नाहीत, आणि आठवड्याभरात तिथे मऊ फुगा येतो. त्याला सीरोमा म्हणतात, आत रक्ताचं पाणी असतं. रुग्ण घाबरून येतो, 'डॉक्टर, परत आलं की काय ते!' सुईने पाणी काढता येतं, पण प्रत्येक वेळी सुई म्हणजे जंतूंना एक दार. त्यापेक्षा पहिले चारपाच दिवस नीट दाबपट्टी. कापसाची वळकटी बरोब्बर पोकळीवर, त्यावर क्रेप बँडेज, बोटांपासून वर गुंडाळत नेलेलं. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढलं तर सैल करा. हात उशीवर उंच ठेवून झोपा. पहिले दोन दिवस ऍक्टिवा चालवू नका. गचके बसले की आतल्या भिंती सुटतात, आणि आपले पावसातले रस्ते काय वर्णावे.

पू धरला असेल तर वेगळा मार्ग. परक्या वस्तूवर जंतू चिकट थर करून बसतात आणि त्या थरात अँटिबायोटिक पोचत नाही. गोळ्या चालू असेपर्यंत लाली उतरते, कोर्स संपला की आठ दिवसांत परत. तीन-तीन कोर्स घेऊन आलेले लोक मी पाहतो. वस्तू आत ठेवून तो संसर्ग क्वचितच जातो, त्यामुळे वस्तू काढायची, पोकळी सलाईनने धुवायची आणि जखम पूर्ण शिवायची नाही. थोडी उघडी ठेवून आतून भरू द्यायची किंवा काही दिवसांनी शिवायची. आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे नेहमी निसटतं. बसवल्यावर तीनचार आठवड्यांनी किंवा आणखी उशिरा, ताप नसताना, न दुखणाऱ्या गाठी येऊन पातळ पाणी वाहत असेल, तर क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी कोणी असू शकतो. नळाच्या पाण्यात धुतलेल्या हत्यारांवरून ते येतात. पुवाच्या नेहमीच्या तपासणीत ते सहसा उगवत नाहीत आणि रिपोर्ट 'जंतू नाहीत' असा येतो. 'एएफबी' ची, म्हणजे या गटातल्या जंतूंची, तपासणी आणि कल्चर मुद्दाम लिहून मागावं लागतं, आणि औषधं काही महिने चालतात.

मायक्रोडर्मलची गोष्ट छोटी. कातडीखाली टायटॅनियमचा चपटा पाय, त्याला छिद्र, छिद्रातून मांस वाढून तो धरलेला. वरचा खडा फिरकीचा, तो काढला म्हणजे डर्मल निघालं असं नव्हे; पाय आतच असतो आणि कातडी वरून मिटते. भूल देऊन बारीक चीर घ्यायची, छिद्रातलं मांस सोडवायचं, पायाची लांब बाजू आधी उचलायची. टाका बहुतेकदा लागत नाही, दोनतीन आठवड्यांत भरतं आणि मसूरभर खड्डा किंवा ठिपका राहतो. चिमट्याने ओढून काढू नका. हरमलला बारमध्ये काम करणारा एक मुलगा टॉवेलात अडकवून अर्धं उपटलेलं डर्मल घेऊन आला होता. त्याचा व्रण नीट काढलेल्याच्या चौपट झाला.

बोटात चुंबक किंवा हातात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून घेतलेलेही अधूनमधून विचारतात, म्हणून दोन ओळी. बोटाच्या टोकातलं चुंबक निओडिमियमचं असतं. वरचा लेप फुटला की ते आत गंजतं, कातडी काळपट होते, बोट ठणकतं, आणि काढताना तुकडे पडतात. स्टीलची हत्यारं त्याला चिकटतात, त्यामुळे मी टायटॅनियमची वापरतो. चुंबक आत असताना एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. चिप काचेच्या नळीत असते, चिमट्याने जोरात धरली तर फुटते. इंग्लंडातल्या केविन वॉरविक या प्राध्यापकांनी १९९८ साली स्वतःच्या हातात चिप बसवून ती थोड्याच दिवसांत काढवली होती, तेव्हा पिशवी धड तयारही झाली नसेल. पाचसहा वर्षं मुरलेली चिप तशी सुखासुखी येत नाही.

आता त्या दहा मिनिटांवाल्याकडे जायचं का? नाही. तो माणूस वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. त्यांच्यात हाताने सफाईदार लोक आहेत. पण त्याच्याकडे भुलेचं इंजेक्शन देण्याचा अधिकार नाही, आणि मलमाची भूल जेमतेम काही मिलिमीटर खोल जाते, पिशवीपर्यंत पोचत नाही. इंजेक्शन त्याने दिलंच तर साधं लिग्नोकेन वजनाच्या किलोमागे साधारण ४.५ मिलीग्रॅमच्या पुढे जाऊ नये हे त्याला ठाऊक असावं लागतं. जास्त झालं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, आणि तेव्हा तिथे ना ऑक्सिजन ना कोणी जाणकार. निळ्या दिव्याच्या कपाटात ठेवलेली हत्यारं निर्जंतुक नसतात, तेही लक्षात घ्या. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, १२१ अंशांची दाबाची वाफ, किमान पंधरा मिनिटं. खाजगीत परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, प्लास्टिक सर्जरीची ओपीडी आहे. 'काय रे हे करून घेतलंस' असं कोणीतरी म्हणेल. ऐकून घ्या.

बोटीचं गणित असं मांडा. हातावरचे टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, आणि त्या दिवशी माणसाला वाटतं झालं, सुटलो. कातडी वरून मिटलेली असते, पण तिसऱ्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळच्या जेमतेम पाव असते. सहा आठवड्यांनी निम्म्याच्या आसपास, तीन महिन्यांनी ऐंशी टक्के, आणि त्याच्या वर ती कधी जात नाही. डेकवर दोर ओढायचे असोत की गॅलीत भांडी उचलायची, सहा आठवड्यांच्या आत जड काम नको. म्हणून जॉइनिंगच्या दोन महिने आधी काढून घ्या. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात ओली जखम घेऊन डॉक्टरसमोर गेलात तर तो तुम्हाला थांबवणारच, आणि त्याचं बरोबर असेल.

पाण्याबद्दल. समुद्राचं मीठ जखम साफ करतं असं आपल्याकडे घराघरात सांगतात. मी सलाईनने धुतो ते निर्जंतुक आणि मोजून केलेलं असतं. मोरजीच्या लाटेत वाळू, सांडपाणी आणि बाकीचंही बरंच असतं. समुद्राच्या उबदार पाण्यात, विशेषतः नदीच्या तोंडाशी जिथे खारं-गोडं मिसळतं, व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. यकृताचा आजार, मधुमेह किंवा रोजची दारू असलेल्या माणसाला उघड्या जखमेतून ते एकदोन दिवसांत जीवावर बेततात. त्यामुळे समुद्र, तेरेखोल-शापोऱ्याची नदी, झर, स्विमिंग पूल, सगळं टाके निघाल्यावर आणखी आठवडाभर बंद. एकूण तीन आठवडे धरा, आणि कुठेही ओल किंवा खपली उरली असेल तर त्याहून जास्त. जूनमध्ये काढलं तर सांजावच्या सणाला, २४ जूनला, विहिरीत उड्या नाहीत. काठावर उभं राहून फुलापानांचं कोपेल डोक्यावर घालायला माझी हरकत नाही.

पावसाळ्यात काढूच नये असं नाही, पण दमट हवेत पट्टी वाळत नाही. दाबपट्टी उतरली की टाक्यांवरची पट्टी भिजल्याबरोबर बदलायची, ओली अंगावर वाळू द्यायची नाही. तेव्हापासून साबण-पाण्याने जखम हलकेच धुवायला हरकत नाही. मग टिपून कोरडी करायची आणि व्हॅसलिनचा पातळ थर. खपली धरू दिली तर लवकर भरतं ही समजूत खोटी, ओलसर राखलेली जखमच चांगली भरते. रोज बेटाडिन ओतू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच; दोन्ही नव्या पेशींना मारतात. हळद, कोलगेट, कॉफीची पूड, कोणाच्या मामाने आणलेली रशियन पावडर, यांतलं काहीही जखमेवर नको. हळद दुधात घाला, मला चालते.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण तुमची आई विचारेल. मासे खाल्ल्याने पू होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि गोव्यात ती सर्वांत सहज हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत मिळतात. बांगडा, अंडी, डाळ, चवळी, सगळं खा. चवथीला शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण असेल तर डाळ-कडधान्याचं प्रमाण वाढवा. सिगारेट मात्र खरंच सोडा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तुमच्या त्या पातळ टोकाला नेमकं तेच परवडणार नाही. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे, एवढं तरी पाळा. साखर असेल तर ती आधी ताब्यात आणूया. काजूची दारू, हुर्राक, दहा दिवस नको.

खूण राहील. हातावर एक फिकट रेघ, गळ्याखाली दोन ठिपके. कोणी 'काहीच दिसणार नाही' म्हणत असेल तर त्याच्याकडून उठून या. पहिले दोनतीन महिने व्रण लाल, टणक, खाजरा असतो आणि तेव्हाच लोक हवालदिल होतात. वर्षभर तो बदलत असतो. टाके निघाल्यापासून दोन महिने त्यावर कागदी मायक्रोपोर टेप आडवी लावून ठेवा, स्वस्त आहे आणि उपयोगी आहे. तीनेक आठवड्यांनंतर बोटाने दाबून मालीश, दिवसातून दोनदा. सिलिकॉनची पट्टी आपल्या घामात दिवसभर टिकत नाही आणि घामोळं येतं. रात्री बारा तास लावा, सकाळी धुऊन ठेवा. ऊन लागलं तर व्रण कायमचा काळपट होऊ शकतो, म्हणून बाही किंवा सनस्क्रीन.

मला खरी काळजी हाताची नाही, गळ्याखालची आहे. छाती, खांदा, कानाची पाळी ही केलॉइडची ठिकाणं, आणि आपल्या वर्णाच्या लोकांत ते जास्त होतं. साधा उठावाचा व्रण मूळ जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुढे बसतो. केलॉइड हद्द ओलांडून निरोगी कातडीत पसरतं. घरात कोणाला कान टोचल्यावर गाठ आली होती का, ते विचारून या. आली असेल तर डर्मल काढल्यावर खाज आणि टणकपणा सुरू होताच चार-सहा आठवड्यांच्या अंतराने ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागतात. गाठ नुसती कापून टाकली तर बहुधा आधीपेक्षा मोठी येते.

चांदणीच्या जागी थोडा खळगा दिसेल, कारण चार वर्षं दाबाखाली राहिलेली चरबी विरलेली असते. तुमच्या वयात कातडी तीन ते सहा महिन्यांत बरीच आकसते, त्यामुळे सहा महिने काही करायचं नाही. मग खटकलाच तर पोटाची थोडी चरबी भरता येते. अंगठ्याच्या मागे बधिरपणा किंवा मुंग्या आल्या तर नस दुखावलेली असू शकते. ती फार तर दिवसाला एक मिलिमीटर वाढते, तेव्हा आठवड्यात फरक दिसणार नाही. विजेचा झटका बसावा अशी कळ येत राहिली तर मात्र दाखवा.

येताना बसवल्यावेळचा फोटो किंवा इम्प्लांटचं पाकीट असेल तर आणा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा, आणि हेपेटायटिस बी, सी व एचआयव्हीची तपासणी करून या. चार वर्षं झालीत, म्हणजे एकदाच केलेली पुरेल. नुकतंच बसवलेलं असतं तर तीन महिन्यांनी परत करावी लागली असती. काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत जागा एकाएकी टणक होऊन फुगली, दुखणं गोळीने थांबेना, ताप आला किंवा हातावर कोपराकडे चढणारी लाल रेघ दिसली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत जा.